झडती

मोतीबिंदू काढायला आहिररावकाका धुळ्याला गेले, लेकीकडे.
जाताना फाटकाची किल्ली माझ्या हातात,
किल्लीला दोऱ्याने बांधलेला कागद:
क्रमांक एक ते चौदा, एकेक तांब्या.
पंधरापासून पुढे अर्धा.
तेवीसला काही देऊ नये, ते आपलं आपण बघतं.

जेल रोडचं बैठं घर, कुंपणाच्या आत
दीड हात रुंदीची माती, कोपऱ्यावर वळलेली.
तेलाचे डबे, रंगाचे डबे, एक फुटकं बेसिनसुद्धा,
सगळ्यांना चुना, पोटावर काळे आकडे,
दोन डब्यांत बरोबर चार बोटांचं अंतर.
गुलाबसुद्धा इथे रांगेत उभा राहून फुलतो.
मनात म्हटलं, माणूस तशी बाग.

चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मोजणीला होते.
शंभरावर शंभर, बोटाला ओला स्पंज,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
आणि रोज सुटताना गेटवर हात वर,
खिसे उलटे, डबा उघडा, चपला झटकून.
“अर्धी पोळी उरली तरी उलटून बघायचे,”
काकू सांगायच्या, होत्या तेव्हा.

चौथ्या दिवशी झारी शोधताना
टाकीमागे वही सापडली, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.
वाचायची नव्हती.
वाचली.
पट्टीने आखलेले रकाने. क्रमांक, नाव, दिनांक, कोठून.

सात. शेवंती. देवळाली कॅम्प, बंगला. कुत्रं बांधलेलं होतं.
नऊ. जाई. पोस्टामागची भिंत. पाऊस, त्यामुळे रस्त्यावर कोणी नाही.
बारा. ब्रह्मकमळ, पान एक. साडूंची गच्ची, हळदीच्या गर्दीत.
अठरा. गवती चहा. बिटको दवाखान्याचं आवार. आत हिला सलाईन.
तेवीस. निवडुंग. प्रेसचं गेट, बाहेरची बाजू.
निवृत्तीचा दिवस. झडतीनंतर.

नळाखाली झारी केव्हाच भरून वाहत होती.
म्हणजे ही अख्खी बाग खिशातून आलेली,
मुळं रुमालात, रुमाल ओला,
आणि चेहरा तोच, मोजणीचा.
लोक म्हणतात चोरलेलं रोप जास्त जगतं.
इथे तर हिशेबासकट जगलं होतं.

शेवटच्या पानावर मी होते.
एकतीस. अबोली. शेजारी. बाई शाळेत गेल्या असताना.

ती अबोली मला आठवते. मे महिन्यात वाळली माझी,
सुट्टीत गावी गेले होते, कोणाला किल्ली दिली नव्हती.
माझ्या गॅलरीत सगळं विकतचं,
नर्सरीच्या काळ्या पिशव्या अजून तशाच,
पावत्या कपाटात, डाव्या खणात,
आणि निम्म्या कुंड्यांत नुसती काटकी.
उद्या कोणी माझी किल्ली घेऊन आत शिरलं
तर काय वाचेल?

एकतीसपाशी बसले.
भडक केशरी, माझ्याकडे कधी फुलली नव्हती इतकी.
डोळ्याखाली नखाने एक फांदी खुडली,
रुमाल भिजवला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.
छाती धडधडत होती, पन्नाशीच्या बाईची.
फाटकाबाहेर पडताना
हात आपोआप थोडे वर झाले.

काका परवा आले. हिरवा चष्मा,
डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही.
तरी पिशवी ओट्यावर टाकून आधी बागेत.
बोटाने हवेत मोजत गेले, एकेक डबा,
एकतीसपाशी थांबले.
खुडलेल्या जागी बोट फिरवलं.
वर बघितलं, माझ्या गॅलरीकडे,
जिथे चहाच्या कपात एक काडी उभी होती.

“मोजणी बरोबर आहे,” म्हणाले,
आणि किल्ली घ्यायला हात पुढे केला.
सदऱ्याचा उजवा खिसा
ओला होता.